इंग्रजीतील ‘मोआबाइट’ या शब्दाचा इतिहास कसा शोधावा

जुन्या इंग्रजी ग्रंथांचे वाचन किंवा भाषांतर करणाऱ्यास ‘मोआबाइट’ हा शब्द कधी ना कधी भेटतोच. बायबलच्या इंग्रजी भाषांतरांत तो मृत समुद्राच्या पूर्वेस राहणाऱ्या एका प्राचीन लोकसमूहाचे नाव असतो. सतराव्या शतकाच्या अखेरीस लंडनमध्ये छापलेल्या चोरभाषेच्या कोशात तो कर्जदाराला पकडायला येणाऱ्या बेलिफाचे टोपणनाव होतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तो एका शिलालेखाचे आणि एका भाषेचे विशेषण बनतो, आणि विसाव्या शतकातील अमेरिकेत काही कृष्णवर्णीय नागरिक तोच शब्द आपल्या पूर्वजांसाठी अभिमानाने वापरताना दिसतात. कोशात दिलेला पहिला अर्थ उचलून या सर्व ठिकाणी बसवला, तर बहुतेक ठिकाणी भाषांतर फसते. म्हणून हा शब्द समोर आला की त्याचा माग कसा काढावा, कोणती साधने कोणत्या क्रमाने उघडावीत आणि कोठे सावध राहावे, हे येथे सांगितले आहे.

आरंभीच एक गोष्ट मनाशी पक्की करावी. या लोकांचे मवाब (इंग्रजीत ‘मोआब’) हे राज्य इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात बाबिलोनी सत्तेच्या काळात लयास गेले. इंग्रजीत बायबलचे पहिले संपूर्ण भाषांतर झाले, ते इसवी सनाच्या १३८० च्या दशकात. म्हणजे हा शब्द इंग्रजीत रुजला तेव्हा स्वतःला त्या नावाने ओळखणारा एकही समाज जगात उरलेला नव्हता. शब्द होता, पण त्या शब्दाला ‘आम्ही तसे नाही’ असे सांगणारे कोणी नव्हते, आणि म्हणूनच तो हवा त्याला चिकटवता आला. या कारणास्तव ‘मोआबाइट’ वाचताना ‘याचा अर्थ काय’ असे विचारण्याआधी ‘हे कोण म्हणत आहे, कोणाला उद्देशून म्हणत आहे आणि केव्हा’ असे विचारावे. पुढील सर्व पायऱ्या या एका प्रश्नाभोवतीच फिरतात.

साधनांची जुळवाजुळव

पहिले साधन ऐतिहासिक कोश हे आहे. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीत प्रत्येक अर्थाखाली कालक्रमाने उतारे दिलेले असतात, आणि आपल्याला व्याख्येपेक्षा त्या उताऱ्यांचीच अधिक गरज असते. या कोशाची पहिली आवृत्ती १८८४ ते १९२८ या काळात भागाभागाने प्रसिद्ध झाली आणि आता ती स्कॅन केलेल्या स्वरूपात विनामूल्य वाचता येते. मात्र तिचा ‘एम’ अक्षराचा भाग १९०८ पर्यंत पूर्ण झालेला असल्यामुळे विसाव्या शतकातील घडामोडी तीत असणे शक्य नाही. नव्या आवृत्तीचे काम २००० साली नेमके ‘एम’ या अक्षरापासूनच सुरू झाले, त्यामुळे ग्रंथालयाच्या सदस्यत्वातून ऑनलाइन आवृत्ती पाहण्याची सोय असेल तर ती अवश्य पाहावी.

दुसरे साधन म्हणजे निरनिराळ्या काळांतील इंग्रजी बायबले. विक्लिफ परंपरेचे चौदाव्या शतकातील भाषांतर, १५३० मधील टिंडेलचे पंचग्रंथ (बायबलची पहिली पाच पुस्तके), १५६० चे जिनिव्हा बायबल, १६११ चे किंग जेम्स भाषांतर आणि विसाव्या शतकातील दोन-तीन भाषांतरे एकमेकांशेजारी ठेवून वाचता येतील अशी व्यवस्था करावी. जोडीला जेम्स स्ट्राँग यांची १८९० मधील शब्दसूची ठेवावी. हिब्रू न येणाऱ्या वाचकालाही तिच्यातील क्रमांकांवरून इंग्रजी शब्दामागचा मूळ शब्द ओळखता येतो. देशाच्या नावाला तेथे ४१२४ आणि लोकांच्या नावाला ४१२५ हा क्रमांक आहे. तिसरे साधन म्हणजे सतराव्या-अठराव्या शतकातील बोलीभाषेचे कोश. त्यांच्याविषयी पुढे सविस्तर लिहिले आहे.

शब्दाची घडण आधी पाहावी

हिब्रूत देशाचे नाव ‘मोआव’ आणि तेथील पुरुष तो ‘मोआवी’. शेवटचा ‘ई’ हा ‘तेथला’ असे सांगणारा प्रत्यय आहे. हा शब्द ग्रीकमध्ये गेला तेव्हा ग्रीकांनी स्वतःचा ‘इतेस’ हा प्रत्यय लावून ‘मोआबितेस’ असे रूप केले, लॅटिनमध्ये त्याचे ‘मोआबिता’ झाले आणि तेथून इंग्रजीला ‘आइट’ मिळाला. इस्रायलाइट, कॅननाइट, हिटाइट, अमोनाइट या सगळ्या नावांत हाच प्रत्यय आहे. मराठी बायबलात मात्र ‘मवाब’ आणि ‘मवाबी’ अशी रूपे आहेत, आणि ती ‘अरबी’, ‘इराणी’ यांच्यासारखी दिसत असल्यामुळे मराठी वाचकाला त्यांत काही परके वाटत नाही. इंग्रजीत तसे नाही. तेथे ‘आइट’ हा प्रत्यय पुढे एखाद्या पुढाऱ्याच्या किंवा पंथाच्या अनुयायांनाही लागू लागला, जसे राजा जेम्सचे पक्षपाती ते जॅकोबाइट आणि १८११ नंतर यंत्रे फोडणारे कामगार ते लडाइट. अशा नावांना बोलणाऱ्याच्या नापसंतीचा हलका वास असतो. म्हणून एकोणिसाव्या शतकातील इंग्रज वाचकाच्या कानाला ‘मोआबाइट’ हा शब्द निव्वळ भौगोलिक वाटला असेल, असे गृहीत धरू नये.

घडण तपासताना बायबलमधील ‘उत्पत्ती’ या पहिल्या पुस्तकाच्या १९ व्या अध्यायातील कथा वाचावीच लागते. सदोम नगराच्या विनाशानंतर लोट नावाचा माणूस आणि त्याच्या दोन मुली डोंगरातील गुहेत राहतात, थोरली मुलगी बापाला द्राक्षारस पाजून त्याच्यापासून गर्भवती होते आणि तिच्या मुलाचे नाव मवाब असे ठेवले जाते, अशी ती कथा आहे. हिब्रूत या नावाचा ध्वनी ‘बापापासून’ या अर्थाच्या शब्दांशी जुळतो. हिब्रू पाठात हा खुलासा स्पष्ट शब्दांत नाही, पण सेप्टुआजिंट या ग्रीक भाषांतरात ‘माझ्या बापापासून’ असे शब्द मुलीच्या तोंडी घातलेले आहेत. ही लोकव्युत्पत्ती आहे, आणि तिची नोंद त्याच नावाने करावी. शेजारच्या राज्याचा उगम लाजिरवाण्या प्रसंगात आहे असे सांगणारी ही कथा शेजाऱ्यांनीच जपली, हे तिच्याविषयीचे सर्वांत महत्त्वाचे तथ्य आहे. देशाचे नाव या कथेवर अवलंबून नाही, कारण इसवी सनापूर्वी तेराव्या शतकातील इजिप्तच्या दुसऱ्या रामसेसच्या लक्सर येथील लेखातही ते सापडते, आणि पुढे असिरियाच्या राजांच्या खंडणीच्या याद्यांतही ते येते. इंग्रजी शब्दाच्या इतिहासात मात्र ही कथा फार प्रभावी ठरली, हे आपल्याला अमेरिकेतील उदाहरणाच्या वेळी दिसेल.

बायबलातील वचने वेगळी करावीत

शब्दसूचीतून सर्व वचने काढली की ती दोन भागांत वाटावीत. पहिल्या भागात नुसती ओळख सांगणारी वचने येतात, म्हणजे अमुक राजा मवाबाचा, अमुक नदी मवाबाच्या सीमेवरची. दुसऱ्या भागात निवाडा करणारी वचने येतात. बायबलच्या ‘अनुवाद’ (इंग्रजीत ‘ड्युटेरोनॉमी’) या पुस्तकाच्या २३ व्या अध्यायात अम्मोनी किंवा मवाबी याने दहाव्या पिढीपर्यंतही परमेश्वराच्या मंडळीत येऊ नये असे म्हटले आहे. ‘गणना’ या पुस्तकाच्या २५ व्या अध्यायात मवाबी स्त्रियांच्या नादाने इस्राएली पुरुष परक्या दैवताकडे वळतात. स्तोत्रसंहितेच्या ६० व्या स्तोत्रात ‘मवाब माझे धुण्याचे पात्र आहे’ अशी ओळ आहे आणि ती १०८ व्या स्तोत्रात पुन्हा येते. इंग्रजी धर्मोपदेशकांच्या तोंडी हा शब्द विरोधकाला नावे ठेवण्यासाठी आला, तो या दुसऱ्या भागातील वचनांच्या बळावर.

यानंतर रूथचे पुस्तक उघडावे आणि तेथे घाई करू नये, कारण या शब्दाचे सगळे ताण या चार छोट्या अध्यायांत एकवटलेले आहेत. रूथ ही मवाबी स्त्री. नवरा वारल्यावर ती सासू नामीची साथ सोडत नाही, तिच्याबरोबर बेथलेहेमास येते, बवाजाशी लग्न करते आणि दावीद राजाची पणजी होते. ‘अनुवाद’ पुस्तकातील कडक मनाई आणि राजघराण्यातील ही पणजी, या दोहोंचा मेळ कसा घालायचा, हा प्रश्न यहुदी पंडितांनाही पडला होता. मिश्ना या यहुदी नियमसंग्रहातील येवामोत या भागात त्याचे उत्तर आहे. मनाई पुरुषांना आहे, स्त्रियांना नाही, आणि त्यावर पंडितांचे स्पष्टीकरण असे की नियमात ‘मोआवी’ हे पुल्लिंगी रूप आले आहे. एका प्रत्ययावर एका वंशाची वैधता तोलली गेली, हे शब्दांच्या अभ्यासकाने विसरू नये.

आता किंग जेम्स भाषांतरात रूथच्या पुस्तकातील तीन जागा शेजारीशेजारी ठेवाव्यात. पहिल्या अध्यायाच्या चौथ्या वचनात नामीच्या मुलांनी ‘मोआबच्या स्त्रियां’पैकी बायका केल्या असे म्हटले आहे. त्याच अध्यायाच्या बाविसाव्या वचनात रूथला ‘मोआबाइटेस’ म्हटले आहे. दुसऱ्या अध्यायाच्या सहाव्या वचनात शेतावरचा मुकादम बवाजाला सांगतो की ही ‘मोआबाइटिश’ मुलगी आहे. हिब्रूत या तिन्ही ठिकाणी एकच स्त्रीलिंगी विशेषण आहे, फक्त पहिल्या ठिकाणी ते अनेकवचनात आहे. इंग्रजीने त्याची तीन रूपे केली, आणि तिन्हींचा सूर वेगळा लागतो. ‘मोआबच्या स्त्रिया’ हे शांत वर्णन आहे. ‘मोआबाइटेस’ हे रूथच्या नावाला जोडलेले बिरूद आहे. ‘मोआबाइटिश’ या रूपातील ‘इश’ हा प्रत्यय इंग्रजीत कधी निव्वळ देश सांगतो, तर कधी त्यात किंचित हेटाळणी मिसळते. मूळ लेखकाच्या मनात येथे हेटाळणी होती असे यावरून म्हणता येणार नाही, पण इंग्रज वाचकाने तेथे काय ऐकले असेल याचा विचार करणे आपले काम आहे. मुकादमाचे सगळे वाक्यच पाहावे. मालकाने ‘ही कोणाची’ असे विचारले आहे, आणि उत्तरात मुकादम मुलीचे नाव सांगतच नाही, ती मवाबी असल्याचे आणि मवाब देशातून आल्याचे एका दमात दोनदा सांगतो.

जुन्या आणि नव्या भाषांतरांची तुलनाही येथेच करावी. व्हल्गेट या लॅटिन बायबलमध्ये रूथसाठी ‘मोआबितिस’ या स्त्रीलिंगी शब्दाचे रूप आहे. त्यावरून केलेल्या विक्लिफ परंपरेच्या उत्तरकालीन भाषांतरात त्याचे साधे ‘मोआबची रूथ’ झाले. किंग जेम्सने स्त्रीलिंगी प्रत्यय स्पष्टपणे आणला आणि १९५२ च्या रिव्हाइज्ड स्टँडर्ड भाषांतरानेही तो ठेवला. १९८९ च्या न्यू रिव्हाइज्ड स्टँडर्डमध्ये मात्र ‘रूथ द मोआबाइट’ असे झाले, आणि न्यू इंटरनॅशनल भाषांतराच्या १९८४ च्या आवृत्तीतील ‘मोआबाइटेस’ २०११ च्या आवृत्तीत ‘मोआबाइट’ झाली. त्या काळात इंग्रजीतून ‘पोएटेस’, ‘ज्यूएस’ यांसारखी रूपेच मागे पडत होती, कारण स्त्रीसाठी वेगळा शेपूट लावलेला शब्द लोकांना खटकू लागला होता. हा बदल मवाबाविषयीच्या मताचा नाही, इंग्रजीतील स्त्रीवाचक प्रत्ययाविषयीच्या मताचा आहे. आपल्या टिपणात या दोन कारणांची सरमिसळ होऊ देऊ नये.

स्कॅन केलेल्या जुन्या छापील ग्रंथांत शोध घेताना एक अडचण येते, तीही येथेच सांगून ठेवतो. अठराव्या शतकाच्या अखेरपर्यंत इंग्रजी छपाईत लांब ‘एस’ वापरत आणि तो ‘एफ’सारखा दिसतो. ‘मोआबाइटेस’च्या शेवटी दोन ‘एस’ असतात आणि त्यांतील पहिला अनेकदा लांब असतो, त्यामुळे संगणक तेथे ‘एफएस’ असे वाचतो. सतराव्या शतकातील छपाईत शेवटी एक जादा ‘ई’ही असतो. म्हणून ही सर्व रूपे टाकून शोध घ्यावा, नाहीतर उपलब्ध असलेली उदाहरणेही नजरेतून सुटतात.

चोरभाषेतील अर्थ कसा ओळखावा

१६९० च्या दशकाच्या अखेरीस ‘बी. ई.’ एवढीच आद्याक्षरे देणाऱ्या एका लेखकाने लंडनमधील चोर, भिकारी आणि भामटे यांच्या बोलीचा कोश छापला. त्यात ‘मोआबाइट्स’ म्हणजे सार्जंट, बेलिफ आणि त्यांची टोळी असा अर्थ दिला आहे. १७८५ मध्ये फ्रान्सिस ग्रोस यांनी आपल्या बोलीभाषेच्या कोशात ‘बेलिफ, किंवा फिलिस्टाइन्स’ असा अर्थ दिला. या दोन नोंदींत साधारण पंचाऐंशी वर्षांचे अंतर आहे. ग्रोस यांनी जुन्या कोशांतून बरेच उचलले होते, म्हणून दुसरी नोंद म्हणजे शब्द १७८५ मध्येही तितकाच प्रचलित होता याचा स्वतंत्र पुरावा आहे असे मानू नये. कोशकार कोशकाराकडून घेतो. पुरावा हवा असेल तर नाटके, पत्रे आणि कादंबऱ्या यांतील प्रत्यक्ष वापरच शोधावा लागतो.

हा अर्थ आला कसा, हे समजायला त्या काळच्या कर्जवसुलीची पद्धत माहीत हवी. इंग्लंडमध्ये कर्ज न फेडणाऱ्याला सावकाराच्या अर्जावरून अटक होत असे आणि तो कैदेत वर्षानुवर्षे खितपत पडे. बहुतेक कर्जदारांची ही कैद १८६९ च्या कायद्याने संपली. दिवाणी दाव्याच्या कामी बेलिफाला घराचा बाहेरचा दरवाजा फोडण्याचा अधिकार नव्हता, आणि १६७७ च्या कायद्यानंतर रविवारी अशी अटकही करता येत नसे. लंडनच्या व्हाइटफ्रायर्स भागातील ‘अल्सेशिया’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वस्तीत तर बेलिफ पाऊलही टाकू शकत नसत. ही सवलत १६९७ च्या कायद्याने काढून घेण्यात आली. कर्जदारांचे जग असे दोन भागांत वाटले गेले होते, आत आपण आणि बाहेर दबा धरून बसलेला शत्रू. रविवारी देवळात इस्राएलाच्या वैऱ्यांची नावे ऐकणाऱ्या समाजाला त्या शत्रूसाठी ‘मोआबाइट’ आणि ‘फिलिस्टाइन’ ही नावे सहज सुचली.

म्हणून सतराव्या-अठराव्या शतकातील विनोदी नाटकात किंवा कथेत हा शब्द आला, तर आसपासच्या ओळींत कर्ज, हमीदार, बंद दरवाजा, मागील जिना किंवा रविवार यांपैकी काही आहे का, हे पाहावे. तसे असेल तर बेलिफाचा अर्थ जवळजवळ निश्चित मानावा. प्रसंग धर्मोपदेशाचा असेल, तर बायबलचा अर्थ घ्यावा.

‘फिलिस्टाइन’ शब्दाची तुलना येथे उपयोगी पडते, कारण दोन्ही शब्द एकाच वेळी एकाच अर्थाने चोरभाषेत होते आणि पुढे त्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. जर्मन विद्यापीठांतील विद्यार्थी गावातील सामान्य माणसांना ‘फिलिस्टर’ म्हणत. तो वापर इंग्रजीत आला, मॅथ्यू आर्नल्ड यांनी १८६९ मधील आपल्या लेखनातून त्याला प्रतिष्ठा दिली, आणि आज त्याचा ‘कलेची जाण नसलेला’ हा अर्थ सर्वांना ठाऊक आहे. ‘मोआबाइट’ला असा नवा आश्रयदाता मिळाला नाही आणि त्याचा बेलिफाचा अर्थ मागे पडला. माझ्या मते त्याच सुमारास घडलेल्या एका शोधाने या शब्दाला इतके निश्चित आणि प्रतिष्ठित काम दिले की टोपणनाव म्हणून तो पुन्हा उभा राहण्याची शक्यताच कमी झाली.

१८६८ ही सीमारेषा

ऑगस्ट १८६८ मध्ये फ्रेडरिक ऑगस्टस क्लाइन हे अँग्लिकन मिशनरी आजच्या जॉर्डनमधील धिबान येथे पोहोचले. तेथे त्यांना काळ्या बेसॉल्टचा, मीटरभराहून थोडा अधिक उंचीचा एक कोरीव शिलालेख दाखवण्यात आला. बातमी फुटताच प्रशियन आणि फ्रेंच दोघेही तो मिळवण्याच्या मागे लागले. जेरुसलेममधील फ्रेंच दूतावासात असलेल्या शार्ल क्लेरमाँ-गानो यांनी ओल्या कागदाचा ठसा घेण्यासाठी माणूस पाठवला, तेथे भांडण झाले आणि ओला ठसा फाडून तुकड्यांतच पळवून आणावा लागला. पुढे १८६९ मध्ये स्थानिक बदाऊंनी (भटक्या अरबांनी) शिला आगीत तापवून तीवर थंड पाणी ओतले आणि ती फोडली. बहुतेक तुकडे नंतर मिळवण्यात आले, फाटक्या ठशाच्या आधाराने ते जुळवण्यात आले, आणि शिला आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. इंग्रजीत तिला ‘मोआबाइट स्टोन’ हे नाव पडले आणि एकाएकी हा शब्द वृत्तपत्रांतून सर्वसामान्यांच्या तोंडी आला.

या शिलेवरील चौतीस ओळी इसवी सनापूर्वी नवव्या शतकाच्या मध्याच्या सुमाराच्या आहेत. मेशा राजा तेथे स्वतः बोलतो. इस्राएलचा राजा अम्री याने मवाबास फार दिवस छळले, कारण कमोश हा देव आपल्या भूमीवर रागावला होता, आणि मग कमोशाच्या कृपेने आपण गावे परत जिंकली, असे तो सांगतो. बायबलच्या ‘२ राजे’ या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायात याच मेशाच्या बंडाची हकीकत इस्राएलाच्या बाजूने आली आहे. शब्दाच्या अभ्यासकाने पहिले वाक्य अगदी जवळून पाहावे. ‘मी मेशा, कमोश-यताचा पुत्र, मवाबाचा राजा, दीबोनी’ असे तो म्हणतो. ‘तेथला’ सांगणारा जो ‘ई’ प्रत्यय हिब्रू ‘मोआवी’त आहे, तोच येथेही आहे, पण राजाने तो आपल्या दीबोन (आजचे धिबान) गावाला लावला आहे. मवाबाचा राजा असलेला हा माणूस आपल्या लेखाच्या पहिल्या ओळीत स्वतःला मवाबी म्हणत नाही. देशाच्या नावाने त्याची ओळख शेजाऱ्यांनी करून दिली. स्वतःच्या घरी तो आधी दीबोनचा होता, पुण्याचा माणूस मुंबईत पुणेकर म्हणून मिरवतो तसा.

या लेखामुळे ‘मोआबाइट’ला भाषेचे नाव हा नवा अर्थ मिळाला. ती भाषा हिब्रूची अगदी जवळची बहीण निघाली. ‘पुष्कळ दिवस’ यासाठी हिब्रूत ‘यामीम रब्बीम’ म्हणतात, तर शिलेवर त्याच शब्दांच्या शेवटी ‘म’ऐवजी ‘न’ कोरलेला आहे. भेद इतका थोडा आहे. ज्या समाजाला दहाव्या पिढीपर्यंत दूर ठेवायचे होते, त्याची भाषा दुभाष्याशिवाय समजण्याइतकी जवळची होती, ही गोष्ट मला या सगळ्या शोधातील सर्वांत हृदयस्पर्शी वाटते. रूथ आणि नामी रस्त्याने बोलत येतात आणि कोणालाच दुभाष्याची गरज पडत नाही, हे त्या कथेत सहज येते. शिलेने ते पटण्याजोगे केले.

१८६८ नंतरचे इंग्रजी लेखन वाचताना एक खबरदारी घ्यावी. शिलेच्या प्रसिद्धीनंतर जेरुसलेमच्या बाजारात ‘मोआबाइट’ मातीच्या मूर्ती आणि भांडी येऊ लागली. मोझेस विल्हेल्म शापिरा या व्यापाऱ्याकडून अशा सुमारे १७०० वस्तू बर्लिनसाठी विकत घेण्यात आल्या, आणि क्लेरमाँ-गानो यांनी त्या बनावट असल्याचे दाखवून दिले. म्हणून १८७० च्या दशकातील लेखात ‘मोआबाइट पॉटरी’ असे आले, तर ते खऱ्या उत्खननातील वस्तूंविषयी आहे की या बनावट वस्तूंविषयी, हे ठरवल्याशिवाय एक ओळही भाषांतरित करू नये.

अमेरिकेतील दोन वळणे

युटा राज्यातील एका वस्तीला १८८० च्या सुमारास मोआब हे नाव मिळाले. उत्पत्तीच्या पुस्तकातील कथा ठाऊक असलेल्या काही रहिवाशांना ते सहन झाले नाही, आणि १८९० मध्ये ५९ सह्यांचा अर्ज करून नाव बदलून ‘व्हायना’ करावे अशी मागणी करण्यात आली. मागणी फेटाळली गेली. आज तेथील रहिवासी स्वतःला सहजपणे ‘मोआबाइट’ म्हणवतात, आणि पर्यटनविषयक लेखात तो शब्द आला तर त्याचा बायबलशी काही संबंध नसतो.

दुसरे वळण अधिक गंभीर आहे. नोबल ड्र्यू अली यांनी स्थापलेल्या मूरिश सायन्स टेंपल या पंथाची शिकवण अशी की अमेरिकेतील कृष्णवर्णीय हे ‘नीग्रो’ नसून मूर आहेत आणि त्यांचे पूर्वज प्राचीन मोआबाइट होते, ज्यांनी आफ्रिकेच्या वायव्य किनाऱ्यावर वस्ती केली. ‘मूर’ हा शब्द लॅटिन ‘माउरुस’वरून आला आहे आणि व्युत्पत्तीच्या दृष्टीने त्याचा मवाबाशी संबंध नाही, हे टिपेत सांगावे, परंतु शब्दाचा अर्थ तेथेच संपला असे समजू नये. गुलामगिरीने ज्यांचे कुलनाम आणि देश हिरावून घेतला, त्यांनी शतकानुशतके शिवी म्हणून फिरलेल्या एका नावात आपला वंश पाहिला. या संदर्भातील भाषांतरात ‘तथाकथित’ असे शब्द घालणे अनुचित आहे. बोलणारा स्वतःविषयी बोलत आहे, एवढे भान पुरेसे आहे.

मध्ययुगीन लॅटिनविषयी थोडे. बाराव्या शतकातील स्पॅनिश ख्रिस्ती वृत्तान्तात अल्मोराविद मुसलमानांना ‘मोआबिते’ म्हटलेले आढळते. त्याच्या इंग्रजी भाषांतरातही ‘मोआबाइट’ येतो, आणि तेथे जॉर्डन शोधत बसू नये. तसेच बर्लिनच्या मोआबिट या भागाच्या नावाचा उगम वादग्रस्त आहे आणि ते इंग्रजी शब्दाच्या इतिहासात गोवण्याचे कारण नाही.

नोंद आणि मराठी प्रतिशब्द

सापडलेल्या प्रत्येक वापरासाठी स्वतंत्र टिपण करावे. त्यात वर्ष, लेखक, बोलणाऱ्या पात्राची भूमिका, शब्दाचे नेमके रूप आणि त्यापूर्वीचे व नंतरचे एकेक वाक्य उतरवावे. अर्थाची जागा आधी कोरी ठेवावी आणि टिपणे वर्षानुसार लावल्यावरच ती भरावी. एकेक वापर सुटा पाहून अर्थ लिहिला तर मन पहिल्या अर्थाकडेच ओढ घेते, हे जवळजवळ प्रत्येक अभ्यासकाच्या बाबतीत होते.

मराठीत लिहिताना लोकांसाठी ‘मवाबी’ हेच रूप ठेवावे, कारण मराठी बायबलाच्या वाचकांत ते रुळलेले आहे. रूथसाठी ‘मवाबी रूथ’ पुरेसे आहे, वेगळे स्त्रीलिंगी रूप घडवण्याची गरज नाही. मात्र १६११ च्या भाषांतराविषयीच लिहिताना इंग्रजीतील तिन्ही रूपांचा भेद टिपेत दाखवावा. भाषेसाठी ‘मवाबी भाषा’ आणि शिलेसाठी ‘मेशाचा शिलालेख’ म्हणावे, आणि पहिल्या उल्लेखात तिचे इंग्रजी नावही द्यावे. युटातील रहिवाशांना ‘मोआबचे रहिवासी’ म्हणावे. चोरभाषेतील अर्थासाठी संवादात ‘मवाबी’ ठेवून तळटीप द्यावी, की सरळ ‘बेलिफ’ लिहावे, हे प्रसंगावर अवलंबून आहे. ‘बेलिफ’ हा शब्द आपल्या दिवाणी न्यायालयांमुळे मराठी वाचकाला ठाऊक आहे आणि जप्तीची धास्तीही त्याला समजावून सांगावी लागत नाही. परंतु पात्र जाणूनबुजून बायबलची भाषा वापरत असेल, तर ‘बेलिफ’ लिहिल्याने तो धागा तुटतो, आणि अशा ठिकाणी मी ‘मवाबी’ ठेवून तळटीप देणेच पसंत करतो.